टोळी जायच्या आधीचा रविवार

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात तुमची चाळीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. पाळकसाहेबांकडे आणखी गावं असल्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवारी येतात. तुम्ही यंदाच सेक्रेटरी झालात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत उपासनेला माणसं कमी होतात आणि नंतर निम्मी घरं टोळीने ऊसतोडीला जातात. पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणात अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावाशिवाय काही उरलेलं नाही, आणि तरुण पोरं विचारतात की शेतीच राहिली नाही तर हंगाम कसला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत मंडळीची सहभागिता कशी टिकवायची?

मी पाळक म्हणून उभी हयात शेवगाव, पाथर्डी, नेवासा या पट्ट्यातल्या अशाच मंडळ्यांत घालवली. त्यामुळे शहरातल्या मोठ्या चर्चला लागू पडेल असं काही सांगणार नाही. तुमच्या चाळीस घरांपुरतंच बोलतो.

माणसं कमी दिसतात म्हणून विश्वास थंडावला, असा अर्थ घाईने काढू नका. भाद्रपद सरताना बाजरी काढणीला येते. हस्ताचा पाऊस झाला की ज्वारीची पेरणी उरकायची घाई असते. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन निघतं आणि त्याच सुमारास कपाशीची पहिली वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. रविवारी सकाळी दहाला चर्चमध्ये येऊन बसलेली बाई त्या दिवसाची निम्मी कमाई सोडून बसलेली असते. सकाळी दहा ही पगारदारांची वेळ आहे. मास्तर, नर्सबाई, बँकेतला भाऊ यांना ती बरी पडते. सप्टेंबर ते नोव्हेंबर उपासना सकाळी साडेसहाला घ्या आणि पाऊण तासात आटपा. तेही जमत नसेल तर दिवेलागणीनंतर घ्या. वेळ बदलायची म्हटल्यावर दोन-तीन वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी जाणती माणसं, विरोध करतील. त्यांना एवढंच विचारा की वेचणीला जाणाऱ्या बायकांपैकी किती जणी गेल्या महिन्यात प्रभुभोजनाला होत्या.

ज्या रविवारी पाळकसाहेब येत नाहीत, त्या रविवारी उपासना रद्द करू नका आणि फोनवर कुणाचा तरी संदेश लावून लोकांना ऐकवत बसवूही नका. वडीलांपैकी एकाने प्रार्थना चालवावी. वाचन संडे स्कूलच्या मुलांनी करावं आणि साक्ष महिला मंडळातल्या एखादीने द्यावी. उपदेश नसला तरी चालतं. लहान मंडळीत ज्याला वाचायचं काम दिलंय तो येतो, त्याची आई येते, आजी येते. कामाची यादी शनिवारी न करता महिन्याच्या सुरुवातीला करा आणि ज्याचं नाव असेल त्याच्या घरी स्वतः जाऊन सांगा. व्हॉट्सॲपवर टाकलेली यादी वाचतात सगळे, पण माझ्यावर काम आहे असं त्यातून कुणालाच वाटत नाही.

आता हंगामाचा सण. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट तारखेची. ही तारीख कुठल्याही शास्त्रभागात ठरवून दिलेली नाही. इंग्लंडातल्या चर्चमध्ये आज जसा हा सण होतो त्या पद्धतीची सुरुवात १८४३ साली झाली. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी ती केली, आणि त्यांनी ऑक्टोबरची सुरुवात निवडली कारण तिकडे तोवर धान्य घरात आलेलं असतं. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक लोकांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो, कारण त्यांचं भात तेव्हा तयार होतं. नगरमध्ये १८३१पासून काम केलेल्या मिशनरी लोकांच्या अमेरिकेत उपकारस्तुतीचा दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. आपल्याकडे काही मंडळ्या बाजरीनंतर सण करतात, काही रब्बीची ज्वारी निघाल्यावर. ज्याने त्याने आपल्या पिकाकडे बघून दिवस धरला.

मग तुमच्या मंडळीचं पीक कोणतं? निम्मी घरं ऊसतोडीला जात असतील तर तुमच्या मंडळीचं मोठं उत्पन्न दुसऱ्याच्या उसात आहे, सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात, कर्नाटकात. म्हणून तारीख ठरवताना मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याला, विचारा. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कधी वाटली, कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार, ट्रक किंवा ट्रॅक्टर कोणत्या आठवड्यात येणार, ही माहिती त्याच्याकडे असते. साधारण दसरा आणि दिवाळी यांच्या मधला, टोळी निघायच्या आधीचा रविवार धरा. एखाद्या वर्षी कारखाने उशिरा सुरू होतात आणि टोळ्या दिवाळी करून निघतात. तसं असेल तर सण पुढे ढकला. पाळकसाहेबांची सोय, बाहेरून बोलवायच्या पाहुण्यांची सोय, मंडपवाल्याची तारीख, हे सगळं या एका गोष्टीनंतर बघायचं. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळ्यांत हे उलटं होतं. सण नोव्हेंबरच्या शेवटी होतो, तेव्हा गावात म्हातारीकोतारी आणि नोकरदार एवढेच उरलेले असतात, आणि मग अहवालात लिहितात की प्रतिसाद कमी मिळाला.

यात शास्त्राचाही आधार आहे आणि तो सणाच्या आधीच्या घरसभांमध्ये लोकांना जरूर वाचून दाखवा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाबद्दल सांगितलंय. खळ्यातलं धान्य आणि द्राक्षकुंडातलं उत्पन्न गोळा झाल्यावर सात दिवस आनंद करायचा, आणि तो कोणाबरोबर, याची यादीच दिलीय. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, अनाथ, विधवा. लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आणखी पुढचं आहे. त्या सात दिवसांत इस्राएलाने पक्कं घर सोडून मांडवात राहायचं, म्हणजे मिसरातून निघाल्यावर आपले पूर्वज कसे राहिले ते पुढच्या पिढ्यांना कळेल. हा सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतो. तुमच्या मंडळीतली माणसं सात दिवस नाही, पाच-सहा महिने कोप्यांत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपड्यांत, राहतात. पाचटाचं छप्पर काय असतं, थंडीत त्यातून वारा कसा येतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. म्हणून हा अध्याय समजावण्याचं काम टोळीतल्या माणसाला द्या. एका मंडळीत मी हे करून पाहिलं. ज्या गृहस्थाने आयुष्यात चर्चमध्ये तोंड उघडलं नव्हतं, त्याने कोपी कशी उभी करतात इथपासून सुरुवात केली आणि लोक तासभर ऐकत बसले. इतकी वर्षं तो अध्याय मी शिकवत होतो. त्या दिवशी मी विद्यार्थी होतो.

दुसरी गोष्ट तुमच्या तरुणांची. शेती नाही तर हंगाम कसला, हा प्रश्न चांगला आहे आणि तो उडवून लावू नका. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात माणूस टोपलीत प्रथमफळ घेऊन येतो आणि टोपली ठेवताना आपली सगळी कहाणी सांगतो. आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आमचे हाल झाले, देवाने आम्हाला बाहेर काढलं, आणि आता हे तू दिलेल्या भूमीतलं. ही कहाणी ज्याच्याकडे आहे त्याला टोपलीत काय ठेवायचं ते सापडतं. चाकणच्या कंपनीत कंत्राटावर असलेला मुलगा पहिल्या पगारातला भाग ठेवील. ब्यूटीपार्लर चालवणारी मुलगी आपल्या कमाईतून आणील. रिक्षावाला एका दिवसाचं भाडं देईल. पैशाच्या पाकिटाला मात्र चेहरा नसतो. म्हणून पाकिटाबरोबर प्रत्येकाने आपल्या कामाची एक वस्तू आणून वेदीसमोर ठेवावी, असं मी सुचवत असे. थापी, कोयता, शिवणकामाची कात्री, नर्सबाईची पट्टी, वही.

इथे एक काळजी घ्या. शेजारी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झालेली असते आणि लगेच काही दिवसांत आपण वेदीसमोर कोयते मांडले तर जुन्या वडीलांच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. त्यांना आधी विश्वासात घ्या. हळद-कुंकू, हार, काही नाही. वस्तू ठेवायची, देवाने या कामात राखलं म्हणून आभाराची प्रार्थना करायची, पुढच्या सहा महिन्यांत हात-पाय शाबूत राहावेत म्हणून मागायचं आणि वस्तू परत घ्यायची. इतकं करूनही एखाद्या वडीलाचं मन राजी होत नसेल तर त्या वर्षी करू नका. एका पद्धतीपायी एक म्हातारा माणूस दुखावला तर सण फसला.

तिसरी गोष्ट लिलाव. मी त्याच्या विरोधात नाही. धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या, लाडू, विणलेला रुमाल, शेवग्याच्या शेंगा या सगळ्याचं मंडळीने करायचं काय? लिलावात ते खपतं, मजा येते, मुलं हसतात, बाहेरगावचे नातलगही बोली लावतात. बिघडतं ते तीन ठिकाणी.

एक, बोली भावकीच्या चढाओढीवर जाते. दोन चुलत घरं एका भोपळ्यावर अशी चढतात की भोपळा घेणाऱ्याच्या घरात संध्याकाळी भांडण लागतं. लिलाव पुकारणारा माणूस तुम्ही निवडा. त्याला भीड नसावी आणि कोणाच्या खिशात किती आहे याची जाण असावी. बोली ताणली की त्याने मध्येच थांबवून वस्तू दोघांत वाटून द्यावी. हे त्याला आधी सांगून ठेवा, आणि त्याने तसं केल्यावर कुणी त्याच्यावर चिडलं तर तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहा.

दोन, गरिबाची वस्तू शेवटी निघते, तोवर लोक जेवणाकडे वळलेले असतात आणि ती कवडीमोलाने जाते. एखाद्या विधवा आत्याने परसातली चार वांगी आणलेली असतात. ती सगळ्यांदेखत दहा रुपयांना गेली की पुढच्या वर्षी ती रिकाम्या हाताने येते, नाहीतर येतच नाही. लहान वस्तू सगळ्यांत आधी काढा, मंडळी भरलेली असताना. आणि कुणी काय आणलं याची नावं पुकारू नका. यादी खजिनदाराच्या वहीत असू द्या.

तीन, आणि हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. आलेलं सगळंच विकून टाकतात. लेवीय एकोणिसाव्या अध्यायात शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या, असं स्पष्ट म्हटलंय. रूथ त्या सरव्यावर जगली आणि तिच्या वंशात पुढे दावीद झाला. म्हणून लिलावाच्या आधी धान्यातला एक वाटा बाजूला काढा. माझ्या मते दहावा भाग तरी असावा. तो कोणत्या घरी जाणार हे पाळक, सेक्रेटरी आणि महिला मंडळाची अध्यक्षा या तिघांनाच माहीत असावं, आणि पोचवायचं काम अंधार पडल्यावर करावं. यात बाहेरची घरंही धरा. गावात पारध्यांचं एखादं पाल असेल, पुरात ज्याची भिंत गेली असा एखादा शेजारी असेल. आपल्या भागातल्या कितीतरी मंडळ्या १८९६ ते १९०० या काळातल्या दोन दुष्काळांत वाढल्या. मिशनच्या अन्नछत्रांत, कामांवर, अनाथालयांत आपल्या आजी-पणज्यांचा जीव वाचला. दुसऱ्याने वाढलेल्या भाकरीवर आपण इथवर आलोय, आणि हंगामाच्या दिवशी ते आपल्या पोरांना कळलं पाहिजे.

लिलावाचे पैसे त्याच दिवशी मोजा, दोघांच्या सह्यांनी लिहा, पावती द्या आणि बँकेत भरा. तुमची मंडळी ज्या ट्रस्टखाली येते तो सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असणार, त्यामुळे हिशेब द्यावाच लागतो. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. लहान मंडळ्या फुटल्या त्या उपदेशातल्या मतभेदांवरून क्वचित, हिशेबावरून पुष्कळदा. आणि हे पैसे नाताळच्या लायटिंगला वळवू नका. आजारपणाचा निधी म्हणून वेगळे ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात घरोघर ताप असतो, डेंग्यू असतो, आणि टोळीतल्या घरांकडे तेव्हा उचलीशिवाय दुसरा पैसा नसतो. त्या दिवसांत मंडळीने हजार-दोन हजार हातावर ठेवले तर त्या घराला मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागत नाही. जास्तीची उचल म्हणजे पुढच्या वर्षाचं बांधलेपण, हे तुम्हाला माहीत आहे.

सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे घरसभांना द्या. दर आठवड्याला दोन घरं पुरेत. गणपतीत आणि नवरात्रात शेजारच्या आरतीच्या वेळेला घरसभा ठेवू नका. स्पीकरशी स्पर्धा करून प्रार्थना होत नाही, आणि शेजाऱ्याच्या सणाच्या वेळी आपली पेटी मोठ्याने वाजवणं हे शेजारधर्मालाही धरून नाही. नऊनंतर भजनाला बसा. शरदात आकाश मोकळं असतं, अंगणात चांदणं असतं, उकाडाही रात्री उतरतो. पेटी, तबला, टाळ एवढं पुरे. की-बोर्ड आणि ट्रॅक लावून गाणाऱ्या शहरी चर्चची नक्कल करू नका. नगरच्या मातीत ख्रिस्ती भजन आणि कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची जी गीतं दिली ती मंडळ्या अजून गातात, आणि ती गायला वाद्यवृंद लागत नाही. ज्या पोराला टाळ धरता येतो त्याला घरसभेला बोलावणं धाडा. भजनाला आलेला तरुण हळूहळू प्रार्थनेलाही येतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

घरसभेचं आणखी एक काम असतं आणि ते पाळकाच्या किंवा वडीलांच्या हातून व्हायला हवं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलंय की वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. हंगामाच्या सणाआधी गावात कोणकोण बोलत नाही याची मनात नोंद करा. बांधाचं भांडण असेल, सोयरिकीत बिनसलेलं असेल, मंडळीच्या मागच्या पंचकमिटीच्या निवडणुकीतला राग असेल. त्या दोन घरांत घरसभा लागोपाठ ठेवा आणि दोन्हीकडे तीच माणसं न्या. सगळी भांडणं मिटत नाहीत. काही माणसं एकाच बाकावर पुन्हा बसत नाहीत. पण टोळी निघाली की पाच-सहा महिने भेट नाही, आणि अपघात तर फडात नेहमीचे. राग मनात धरून कोणी निघू नये म्हणून दोन पावलं चालायला हरकत नाही. अशा वेळी बायका पुरुषांपेक्षा लवकर मार्ग काढतात. पाळकीणबाईंना किंवा एखाद्या जाणत्या मामींना बरोबर न्या आणि तुम्ही कमी बोला.

प्रीतिभोजनाबद्दल फार लिहीत नाही, ते तुमच्या मंडळीतल्या बायका माझ्याहून चांगलं जाणतात. एक आग्रह मात्र आहे. त्या दिवशीचं जेवण शाकाहारी ठेवा. मटणाचं जेवण नाताळला आहेच. आमटी, भात, बाजरीच्या भाकरी, लापशी. म्हणजे शेजारची माणसं निःसंकोच पानावर बसतात, वर्गणीही हलकी पडते. आपल्या भावकीतली कितीतरी घरं आज बौद्ध आहेत, १४ ऑक्टोबरला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीला जाऊन आलेली. तीही आपलीच माणसं. त्यांना, मराठा-वंजारी शेजाऱ्यांना, शाळेतल्या गुरुजींना जेवायला बोलवा, उपासनेला बसायचा आग्रह करू नका. दिवाळीत त्यांच्याकडचं फराळाचं ताट येतं, नाताळला आपल्या करंज्या त्यांच्याकडे जातात. ऑक्टोबरातलं हे जेवण त्याच देवाणघेवाणीतलं आहे. आणि वाढायचं काम वडीलांनी आणि सेवकांनी करावं, बायकांनी आधी जेवावं. हे एकदा करून बघा.

आता निरोप. टोळी निघायच्या आदल्या दिवशी, किंवा सणाच्याच रविवारी उपासनेच्या शेवटी, जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला नावाने पुढे बोलवा आणि प्रार्थना करा. सहा महिने चर्चला न आल्याबद्दल कोणी त्यांना टोमणा मारता कामा नये, त्या दिवशीही नाही आणि परत आल्यावरही नाही. त्यांच्याकडे कोणत्या कारखान्याचं काम आहे ते लिहून घ्या. कोल्हापूर, सांगली, मिरज या बाजूला जुन्या मंडळ्या आहेत. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरींचं काम १८५२पासून आणि मिरजेचा मिशन दवाखाना १८९४पासूनचा. कारखान्याजवळच्या मंडळीच्या पाळकांना फोन करून सांगा की आमची अमुक कुटुंबं तुमच्या हद्दीत आली आहेत. बहुतेकांना आपल्या चर्चपासून दोन-तीन किलोमीटरवर कोप्यांत ख्रिस्ती माणसं राहतात हे ठाऊकच नसतं. फोन गेला की कोणी ना कोणी भेटायला जातं. माझ्या माहितीत एका मंडळीने तर दर पंधरा दिवसांनी रात्री फडावर जाऊन भजन घ्यायला सुरुवात केली, कारण तोडीच्या दिवसांत रविवार आणि सोमवार यांत फरक नसतो.

मागे राहिलेल्या मुलांकडे या काळात मंडळीचं सगळ्यांत जास्त लक्ष हवं. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात, आणि मोठ्या मुली पुष्कळदा धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर नेल्या जातात. सणाच्या आधी प्रत्येक घरात जाऊन विचारा की कोणतं मूल मागे राहणार आहे आणि त्याच्या अभ्यासाकडे कोण बघणार. मुलगी दहावीला असेल तर तिला मागे ठेवण्यासाठी मंडळीतल्या एका घराने जबाबदारी घ्यावी, जेवण-खाण आणि निजण्यासकट. आईबापांचा भरवसा ओळखीच्या घरावर बसतो. रविवारी दुपारी संडे स्कूल संपल्यावर त्याच खोलीत दोन तास अभ्यासवर्ग घ्या. आणि आठवड्यातून एकदा त्या मुलांचा फडावरच्या आईशी व्हिडिओ कॉल लावून द्या. संध्याकाळी सातनंतर, तेव्हा त्या कोपीवर परतलेल्या असतात.

पुण्याला गेलेल्या तरुणांचं गणित वेगळं आहे. कारखान्यांतून आणि कंपन्यांतून दिवाळीची सुट्टी सलग मिळते, नाताळला एखादाच दिवस मिळतो, तोही सगळ्यांना नाही. म्हणून तरुण संघाचा मेळावा दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या जवळपास ठेवा. तेव्हा सासुरवाशिणीही माहेरी आलेल्या असतात. त्यांना मंडळीत पाहुणी म्हणून बसवू नका, त्यांनाही गीत द्या, वाचन द्या. मेळाव्यात भाषणं दोनच ठेवा. बाकी वेळ त्यांना आपापसात बोलू द्या. नोकरी, भाड्याची खोली, लग्नाचं वय, कर्ज, दारू, हे विषय ते बाहेर अंगणात बोलतात आणि पाळक आत उपदेशाची तयारी करत बसतो. पाळकाने अंगणात बसावं.

ज्या मंडळ्यांची मुळं अँग्लिकन किंवा कॅथलिक आहेत, त्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कबरस्थानात जातात. आपल्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत हा दिवस पाळतातच असं नाही. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हापासून अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांची माणसं एका मंडळीत आहेत, तेव्हा एकमेकांकडून चांगलं ते घ्यायला हरकत नाही. पाऊस सरल्यावर कबरस्थानात गवत छातीला लागतं. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या पोरांना विळे देऊन एक सकाळ तिकडे न्या. बरोबर एक म्हातारा न्या, जो कोणाची कबर कुठे आहे ते सांगेल. नावाच्या पाट्या गेलेल्या असतात, आणि ते सांगणारा माणूसही फार दिवस राहणार नाही. पोरांपैकी एकाने नकाशा काढून ठेवावा.

पाऊस गेला किंवा नको तेव्हा आला, अशा वर्षी सण करावा का, हेही तुम्ही विचारलंय. परतीच्या पावसाने सोयाबीनला शेतातच कोंब फुटतात, बाजरी काळी पडते. अशा वर्षी लोक म्हणतात, आभार कशाचे मानायचे. सण करा. फक्त तोंडदेखलं गोड बोलू नका. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशी एकेक नुकसानीची मोजदाद आहे आणि मगच तो परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. आपणही आधी मोजदाद करावी. कोणाचं काय गेलं ते उभं राहून सांगू द्या, कोणी रडलं तर रडू द्या. त्या वर्षी लिलाव नको. जे थोडं आलं असेल ते शिजवून सगळ्यांनी मिळून खा. आणि सोमवारी पंचनाम्याचे कागद भरायला ज्यांना जमत नाही त्यांच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा. सेक्रेटरी म्हणून तुमचं हेही काम आहे.

शेवटी नाताळची तयारी. नाताळच्या आधीचा आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच्या रविवारी सुरू होतो. त्याआधी वर्गणीची वही फिरवू नका. हंगामाचं अर्पण देऊन झाल्यावर लगेच दुसरी मागणी आली की लोक दार लावून घेतात. गीतांचा सराव मात्र भाऊबीजेनंतर सुरू करा, कारण सूर जुळायला वेळ लागतो. नाताळच्या आठवड्यात दोघा-तिघांनी मिळून एक गाडी करा आणि करंज्या-लाडवांचे डबे घेऊन फडावर जा. फड आठवड्याला बदलतो, टोळी कोणत्या गावच्या शिवारात आहे ते गावात कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी मुकादमाचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा असे दोन्ही नंबर हंगामाच्या सणाच्या दिवशीच वहीत लिहून घ्या.